'दुष्काळी' हे विशेषण

मध्यंतरी एका परिचितांच्या घरी सोयरिकीची बोलणी चालली असता आम्ही तेथे उपस्थित होतो. मुलगा सुशिक्षित, नोकरी कायमची, घराणे सज्जन, पत्रिकाही जुळलेली. सर्व काही ठरल्यासारखे दिसत असता मुलीच्या काकांनी मुलाचे मूळ गाव विचारले. माण तालुक्यातील एका खेड्याचे नाव कानी पडताच काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे दुष्काळी भाग!" मुलगा कित्येक वर्षे पुण्यास राहात होता आणि मुलीस त्या गावी नांदावयास जावयाचे नव्हते, तरीही त्या एका शब्दाने बैठकीचा रंग पालटला. ती सोयरीक जुळली की मोडली हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. आम्हांस नवल वाटले ते याचे की, तेथे बसलेल्यांपैकी एकासही, आणि खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांसही, त्या शब्दात काही आक्षेपार्ह आहे असे वाटले नाही. घरी परतताना मात्र तो शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचू लागला. तो काढून टाकावा एवढ्याचसाठी हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कमी पाऊस हा एखाद्या प्रदेशाचा स्वभाव असू शकतो. दुष्काळ हा कोणत्याही प्रदेशाचा स्वभाव असू शकत नाही. 'दुष्काळी भाग' हा शब्दप्रयोग पहिल्या गोष्टीस दुसरीचे नाव देतो, आणि या घोटाळ्याच्या आडोशाने माणसांनी केलेल्या कितीतरी गोष्टी निसर्गाच्या खाती जमा होतात. हा केवळ शब्दांचा खल आहे असे ज्यांस वाटेल, त्यांनी शेवटपर्यंत वाचण्याची कृपा करावी.

आपल्या भाषेत या विषयाचे तीन निरनिराळे शब्द आहेत. पाऊस न पडणे हे अवर्षण. धान्य दुर्मिळ होऊन भिक्षाही मिळेनाशी होणे हे दुर्भिक्ष. आणि या व अशा कारणांनी माणसांवर जो वाईट काळ येतो तो दुष्काळ. पहिला शब्द आभाळाविषयी बोलतो, दुसरा कोठाराविषयी, तिसरा काळाविषयी. या तिघांपैकी एकही शब्द जागेविषयी बोलत नाही. काळ येतो आणि जातो. म्हणूनच आमच्या आज्या अमक्या दुष्काळात जन्मलो, तमक्या दुष्काळात घर सोडले, असे सांगत असत. त्या काळाला एक 'ई' जोडून आपण त्याला विशेषण केले आणि ते विशेषण तालुक्यांच्या गळ्यात बांधले. १८९७ साली पुण्यास प्लेगने हैराण केले, म्हणून पुण्यास कोणी प्लेगी शहर म्हणत नाही. मग माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, आष्टी, पाटोदा या तालुक्यांनीच काय अपराध केला आहे?

प्रथम भूगोल पाहू. महाबळेश्वर आणि दहिवडी ही दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात, एकमेकांपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहेत. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. कारण शाळेतील मुलासही ठाऊक आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि आपले ओझे घाटमाथ्यावर उतरवितात. पलीकडे उतरताना तेच वारे उबदार आणि कोरडे होतात. आषाढ-श्रावणात माणदेशाच्या आभाळातून ढग धावत जातात आणि खाली माळावर केवळ वारा घोंगावतो. तेथील खरा पाऊस भाद्रपद-आश्विनात, मोसमी वारे परतू लागले म्हणजे, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर, गडगडाट करीत येतो. हे शतकानुशतके असेच चालत आले आहे. सह्याद्री जोवर जागचा हलत नाही, तोवर ते असेच चालणार. जी गोष्ट दरसाल ठरल्याप्रमाणे घडते तिला संकट म्हणत नाहीत. तिला ऋतुमान म्हणतात.

आणि त्या ऋतुमानाशी तेथील माणसाने आपला संसार जुळवून घेतला होता. काळ्या जमिनीने परतीचा पाऊस पोटात धरून ठेवावा, त्या ओलीवर शाळू पेरावा, आणि पुढे पावसाचा थेंब न पडता केवळ थंडीवर आणि दवावर तो कणसांस यावा, ही काही दरिद्री शेती नव्हे. ती मोठ्या शहाणपणाची शेती आहे. मुरमाड माळ नांगराखाली न घालता मेंढरांसाठी राखला. त्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी झाली. थोड्या चाऱ्यावर जोमाने काम करणारा खिलार बैल याच माळाने घडविला. मटकी, हुलगा, बाजरी, करडई ही पिके, माळवदाची घरे, हुलग्याचे माडगे, आणि पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरणारे धनगर, या सर्वांचा मेळ कमी पाण्याशी घातलेला होता. आम्ही एकदा त्या बाजूस एका घरी उतरलो असता हात धुण्यासाठी अंगणात गेलो. घरच्या आजींनी आम्हांस दोन पावले पुढे, कढीलिंबाच्या आळ्याशी नेऊन उभे केले आणि मग हातावर पाणी घातले. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या घरी आम्ही तोवर किती पाणी मोरीत सोडले असेल याचा हिशेब मात्र तेव्हा प्रथम मनात आला.

याहून मोठी साक्ष मंगळवेढ्याची आहे. दामाजीपंतांची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते: दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि पंतांनी बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार लोकांस मोकळे केले. या कथेतील भक्ती आपण सारे जाणतो. पण तिच्यातील भूगोल आपल्या ध्यानी येत नाही. कोठार होते म्हणून ते मोकळे करता आले. ज्या मुलखास आपण आज दुष्काळी म्हणतो, त्याच मुलखात राज्याचे धान्य साठविलेले होते, आणि मंगळवेढ्याची ज्वारी आजही नावाजलेली आहे. एका चांगल्या सालाचे धान्य जमिनीतील पेवांत घालून पुढील वाईट सालासाठी राखावयाचे, हा या प्रदेशाचा विमा होता. पाऊस चुकणारच, हे गृहीत धरूनच तेथील जीवन उभे होते.

मग हे जीवन मोडले कोणी? १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनेत जो महादुष्काळ पडला, त्यात पाऊस तर चुकलाच. पण सारा रोखीत वसूल होत असल्याने पेवातील धान्य आधीच बाजारात गेले होते, आणि माणसे मरत असता हिंदुस्थानातून विलायतेस गव्हाची निर्यात चालूच होती. त्या दुष्काळानंतर थोड्याच वर्षांनी, १८८३ साली, महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात मुरवावे आणि या कामी सरकारने आपले फौजी शिपाई लावावेत, असे त्यांनी त्यात सुचविले. आज पाणलोट विकास या भारदस्त नावाने जे शिकविले जाते त्याचा गाभा एका मराठी ग्रंथकाराने तेव्हाच मांडून ठेविला होता.

सरकारने ताली घातल्या नाहीत, कालवे काढले. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. हे कालवे पाऊस चुकेल त्या वर्षी ज्वारी-बाजरीचे पीक वाचविण्यासाठी, म्हणजे संरक्षणासाठी होते. पण चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी कालव्याचे पाणी विकत घेईना, आणि पाणीपट्टीवाचून कालव्याचा खर्च निघेना. तेव्हा बारमाही पाणी मागणारे आणि बारमाही पैसा देणारे पीक पुढे आले. ते पीक म्हणजे ऊस. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी फाळ्यांची पद्धत घालून पाणी अधिक गावांत पसरविण्याचा आणि उसास मर्यादा घालण्याचा यत्न केला; परंतु ओढ उसाकडेच राहिली. अवर्षणाचे औषध म्हणून आणलेले पाणी अशा रीतीने काही थोड्यांचे पक्वान्न झाले.

ही गोष्ट परक्या सरकारची म्हणून सोडून देण्याची सोय नाही, कारण स्वराज्यात आपण तीच मोठ्या प्रमाणावर केली. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या घरात आहे. उसाला एका पिकास दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. रब्बी ज्वारीच्या चौपट-पाचपट. आणि महाराष्ट्रात सर्वाधिक साखर कारखाने कोणत्या जिल्ह्यात आहेत? याच सोलापुरात. भीमेवर १९८० साली पुरे झालेले उजनी धरण ११७ अब्ज घनफूट पाणी साठविते. आणि त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. राज्याच्या लागवडीपैकी चारेक टक्के जमिनीवर असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्यातील निम्म्याहून अधिक वाटा घेते. आता सांगावे, येथे दुष्काळी कोण आहे? आभाळ, की हिशेबाची वही?

या हिशेबातील सर्वात कडवट ओळ बीड जिल्ह्याची आहे. ज्यांच्या गावी पाणी नाही अशी लक्षावधी माणसे दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीत घालून, लेकरे सोबत घेऊन, पश्चिमेकडे ऊस तोडावयास जातात. जे पाणी त्यांच्या वाट्यास आले नाही, ते उसाच्या कांड्यांत शिरलेले असते, आणि तेच ते आपल्या डोक्यावरून वाहून दुसऱ्याच्या कारखान्यात पोहोचवितात. त्यांच्या मुलांच्या शाळा सुटतात, बायकांची दुखणी अंगावर काढली जातात. वर्तमानपत्र याला 'दुष्काळी भागातील स्थलांतर' असे नाव देते आणि वाचक पान उलटतो.

१९७२चा दुष्काळ अनेकांच्या आठवणीत आहे. त्यात अन्नाची वाण होती, पण विहिरींत पाणी बऱ्याच ठिकाणी होते. आणि समाज त्या वेळी अगदीच नालायक ठरला नाही. पुढील उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती, आणि वि. स. पागे यांच्या पुरस्काराने चाललेल्या रोजगार हमीस १९७७ साली कायद्याचे रूप आले. परंतु त्याच सुमारास जमिनीस खोल भोके पाडणारी यंत्रेही आली. दख्खनचा काळा पाषाण स्पंजासारखा नसतो. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. वरचा थर दरसाल भरतो, खालच्या भेगा भरावयास फार काळ लागतो. विहिरीतील पाणी म्हणजे चालू वर्षाचे उत्पन्न. खोल कूपनलिकेतील पाणी म्हणजे पूर्वजांची ठेव. आपण ठेव मोडून ऊस पिकविला. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, ही म्हण आपल्याच भाषेतील.

त्याचे फळ २०१६ साली लातूरने पाहिले. पाण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आपण सर्वांनी ती चित्रे पाहिली आणि हळहळलो. पण लातूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरांहून अधिक आहे! त्याच्या एकतृतीयांशही पाऊस ज्या जैसलमेरास लाभत नाही, तेथे खडिनांत अडविलेल्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या गहू पिकत आला. लातुरास ओळीने काही वर्षे पावसाने दगा दिला हे खरे; पण त्याच काळात मराठवाड्यातील कारखान्यांत ऊस गाळला जात होता, हेही खरे. त्या एप्रिलात मुंबईच्या उच्च न्यायालयाने क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले, आणि मैदानावरील हिरवळीस किती पाणी लागते यावर घरोघरी कडाक्याचे वाद झाले. उसाविषयी मात्र कोणत्याही दिवाणखान्यात आवाज चढल्याचे आम्ही ऐकले नाही.

उलट बाजूही पाहावी. पालघर जिल्ह्यातील मोखाडा-जव्हारकडे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि वैशाखात तेथील आदिवासी स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. त्या भागास कोणी दुष्काळी म्हणत नाही, कारण तेथील आभाळावर दोष ढकलता येत नाही. जेथे तो ढकलता येतो तेथेच हे विशेषण लागते. यावरून त्याचा खरा उपयोग काय आहे, हे वाचकांनी ओळखावे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हे नाव लागल्यावाचून मदत मिळत नाही. तेथील लोकच ते मागतात. हे खरे आहे, आणि यात आम्ही त्यांस दोष देत नाही. ज्यास भुकेल्याची चिठ्ठी गळ्यात अडकविल्यावाचून जेवण मिळत नाही, तो चिठ्ठी मागणारच. दोष तशी अट घालणाऱ्या यजमानाचा आहे. एखाद्या सालास दुष्काळ जाहीर करावा, अवश्य करावा, वेळेवर करावा. आमचे भांडण सालाशी जोडलेल्या शब्दाशी नाही, तालुक्यास कायमच्या चिकटविलेल्या शब्दाशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पश्चिमेच्या बागाईतदाराने ऊस लावून माड्या बांधल्या. आता माणदेशातल्या शेतकऱ्याने मात्र हुलग्याचे माडगे पीत संस्कृती जपावी, असा आमचा उपदेश आहे काय? मुळीच नाही. उसास कायद्याने किफायतशीर दर ठरलेला आहे आणि तो घेणारा कारखाना शेताच्या बांधाशी उभा आहे. ज्वारीचा हमीभाव कागदावर असतो, आणि खरेदीच्या वेळी केंद्र बंद असते. स्वस्त धान्याच्या दुकानांतून आपण गहू-तांदूळ वाटले आणि ज्वारीस तिच्याच घरात पाहुणी केले. अशा स्थितीत ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नव्हे. तो आपण केलेला हिशेब अचूक वाचणारा माणूस आहे.

तिसरा आक्षेप असा की, मग कृष्णेचे पाणी उचलून या तालुक्यांत नेऊच नये काय? अवश्य न्यावे. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या योजनांसाठी तेथील माणसे पिढीभर झगडली, आणि त्यांचा हक्क भीक नव्हे. पण पाणी कालव्यात येताच प्रश्न सुटला असे नव्हे, तो तेथे सुरू होतो. किती जणांस, कोणत्या पिकास, कोणत्या नियमाने? हे न ठरविता आणलेले पाणी नीरेच्या कालव्याचीच गोष्ट नव्याने सांगेल.

नियम करता येतात, याचे दाखले आपल्याच भूमीत आहेत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या संख्येच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनासही वाटा, आणि ऊस नाही. खानापूर तालुक्यात येरळेवर गावकऱ्यांनी बळीराजा धरण बांधले, तेही समान पाणीवाटपाच्या अटीवर. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरेबाजार येथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गाव दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि पाऊस किती झाला ते पाहून पीक ठरविते. शेतीसाठी कूपनलिका तेथे वर्ज्य आहे. हिवरेबाजारचा पाऊस वाढलेला नाही. ढग तेच, डोंगर तेच. केवळ गावाने आपल्या पाण्याचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. तेथे आज कोणी मुलगी द्यावयास कचरत नाही.

शेवटी आपल्या घराकडे. सरकारी मापाप्रमाणे शहरातील माणसास दिवसा १३५ लिटर पाणी द्यावयाचे. २०१९ साली आरंभिलेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी ५५ लिटरांचे माप धरले. तहान सारखी, अंग सारखे, मळ सारखा. मग हे अंतर कोणत्या भूगोलाने पाडले? ते सह्याद्रीने खचितच पाडलेले नाही. आणि महाराष्ट्रात एक किलो साखर तयार व्हावयास सुमारे दोन हजार लिटर पाणी खर्ची पडते, असा हिशेब आहे. म्हणजे सकाळी वर्तमानपत्र चाळताना आपण जो चहा घेतो, त्यात दोन चमचे साखर असेल तर वीस लिटर पाणी विरघळलेले असते. 'दुष्काळी भाग होरपळला' हा मथळा वाचीत आपण एक भरलेली घागर पिऊन टाकतो आणि कपबशी बाजूला ठेवतो.

आम्ही वाचकांस चहा सोडा असे सांगत नाही. आम्हीही सोडलेला नाही. आमचे मागणे त्याहून लहान, पण अधिक नेटाने पाळावयाचे आहे. हे विशेषण आपल्या घरात वापरू नये. मुलांस भूगोल शिकविताना कमी पावसाचा प्रदेश म्हणावे, अवर्षणाचा प्रदेश म्हणावे. दुष्काळ हा शब्द सालासाठी राखावा. आणि पुढच्या वेळी तो कानी पडला म्हणजे, पाऊस किती पडला एवढेच न विचारता, पडला तो गेला कोणाकडे, हेही विचारावे. ज्वारी घेताना तिचा भाव घासू नये. आणि सोयरिकीच्या बैठकीत कोणा काकांच्या तोंडून तो शब्द निघाला, तर आम्ही त्या दिवशी गप्प बसलो तसे वाचकांनी बसू नये.